स्लीपओव्हर पार्टीचा बिझनेस: तंबू नंतर घ्या, आधी एक रात्र करून बघा

मे महिना जवळ आला की क्लासमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलांच्या स्लीपओव्हर पार्टीचं सुरू करू का? सहा तंबू बघून ठेवलेत."

थांबा. कार्डमधून पैसे कापले गेले नसतील ना अजून?

कल्पना वाईट नाहीये. आपण लहानपणी मामाकडे गेलो की हॉलमध्ये ओळीने गाद्या पडायच्या, दहा भावंडं, एकच पंखा, आणि पंख्याखालच्या जागेवरून मारामारी. आता टू बीएचकेमध्ये एकुलतं एक पोर असतं. त्याच्या वाढदिवसाला मित्र राहायला आले तर त्याला आभाळ ठेंगणं होतं. आई-बाबा या गोष्टीचे पैसे द्यायला तयार आहेत, हे मी माझ्या काउंटरवर बघते.

पण हिशोब बघा. तंबू, गादी, चादर, उशी, पांघरूण, माळ असा एक सेट मला साधारण ४,००० रुपयांना पडला. सहाचे २४,०००. एका पार्टीचे मी ४,५०० घेते. त्यातून टेम्पोच्या दोन फेऱ्या १,२००, धुलाई ४८०, मदतनीस ५००, खेळांचं सामान ३००, मोडतोडीचे २०० बाजूला. हातात उरतात १,८२०. म्हणजे नुसते तंबूचे पैसे वसूल व्हायला १४ पार्ट्या! आणि त्या फक्त शनिवारी, परीक्षा नसताना. धुलाई तर नवीन माणूस धरतच नाही. अहो, मुलं रात्री चॉकलेट खाऊन पांढऱ्या चादरीवर झोपतात. गडद रंग घ्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या तीन पार्ट्या तंबूशिवाय करा. मंडपवाल्याकडून गाद्या भाड्याने आणा, धुतलेल्या चादरी स्वतःच्या घाला, डायनिंग टेबलवर जुनी साडी टाकून एकच मोठी गुहा करा. मुलांना काही फरक पडत नाही. फोटोला पडतो, मान्य. पण तुम्हाला कळेल की हे काम आपल्याला झेपतंय का.

दुसरं मत, ज्यावर लोक माझ्याशी भांडतात. हॉल घेऊन मुलांना रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. पार्टी ग्राहकाच्या घरीच करा, यजमान आई-बाबा घरात असतानाच. मी हे पुस्तकात वाचून नाही सांगत. सुरुवातीला मी हॉल घेतला होता, ११ मुलं. रात्री साडेबाराला एक मुलगा पोटात दुखतंय म्हणून रडायला लागला. फॉर्मवर फक्त वडिलांचा नंबर, आणि तो बंद. चाळीस मिनिटं मी दुसऱ्या पालकांना उठवत होते, तेव्हा कुठे त्याच्या आईचा नंबर मिळाला. त्याला काही झालं नव्हतं, घरची आठवण आली होती. पण दीड वाजता दारात उभ्या राहिलेल्या त्या आईचा चेहरा आठवला की आजही पोटात गोळा येतो. ती एक शब्द बोलली नाही. पैसे मी परत केले, तिने मागितले नसताना.

आता माझ्या फॉर्मवर दोन नंबर असतात, शेंगदाणा-दूध-अंडं यांपैकी काय चालत नाही ते असतं, रात्रीचं औषध असतं. "हे मूल याआधी कधी बाहेर झोपलंय का?" हा प्रश्नही असतो. उत्तर 'नाही' असेल तर मी सरळ सांगते, जेवून-खेळून दहाला घरी न्या, सकाळी नाश्त्याला आणा. एकही आई आजवर रागावली नाही.

कार्यक्रमाचं म्हणाल तर फार डोकं लावू नका. साडेसहाला मुलं येतात, तेव्हाच दमवा: घरातल्या घरात खजिना शोध, पायमोज्यांचे चेंडू. उड्यांचे खेळ नकोत, खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. आठला जेवण. नऊनंतर कोल्ड्रिंक बंद, मग नवा व्यापार, भिंतीवर हातांच्या सावल्या, टॉर्च लावून गोष्ट. भुताची नको, प्लीज! ती ऐकणारा मजेत झोपतो, त्याच्या शेजारचा जागा राहतो. साडेदहाला माझी मुलगी मांडामांड आवरून निघते, पुढचं घरचे बघतात. हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

माळा घेताना स्क्रूने बंद होणारा सेलचा डबा बघूनच घ्या. बटणासारखे छोटे सेल मुलाने गिळले तर जिवावर बेततं. मेणबत्ती तर अजिबात नाही. खाऊ स्वतः बनवून विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, नाहीतर जेवण घरच्यांवर सोडा. मी सोडलंय.

आणि हो, सामान उचलायला रविवारी सकाळी आठला टेम्पो पाठवू नका. मी पाठवला होता. सगळी मुलं तंबूत गाढ झोपलेली आणि टेम्पोवाला खाली हॉर्न देतोय. अकराची वेळ ठरवा.