‘हे तर आमच्या ग्रंथात आधीच होते’

व्हॉट्सॲपवर एक मजकूर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला हे शास्त्रज्ञांना आता कळले, आमच्या ग्रंथात ते चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे, असा त्याचा आशय. अणूबद्दलही तसेच दावे असतात. दुसऱ्या समाजांच्या गटांत हाच मजकूर थोड्या फरकाने फिरतो. तिथे ग्रंथ वेगळा असतो आणि वर्षांचा आकडा मोठा असतो. वाचून बरे वाटते आणि पुढे पाठवला जातो. माझ्या मते अशा दाव्यांनी धर्माचे भले होत नाही आणि विज्ञानाचेही होत नाही. सर्वांत जास्त नुकसान होते ते साकीनाक्यासारख्या वस्तीत राहून दहावी-बारावीचे विज्ञान घोकणाऱ्या मुलामुलींचे. का, ते सांगतो.

आधी अणू पाहू. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि अणू अविभाज्य आहे ही समजूत मोडली. अणू म्हणजे धन विद्युतभाराचा गोळा, त्यात लाडवातल्या बेदाण्यांसारखे इलेक्ट्रॉन रुतलेले, असे चित्र त्यांनी मांडले. १९०९ मध्ये रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले, पण हजारोंतला एखादा चक्क मागे फिरला. लाडवासारख्या अणूत हे घडणे शक्य नव्हते. म्हणून १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी सांगितले की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे. साकीनाका ते मरोळ नाका हे साधारण किलोमीटरभराचे अंतर म्हणजे एक अणू मानला, तर त्याचे केंद्रक मधोमध ठेवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढे भरेल. बाकी सगळी पोकळी.

रदरफोर्ड हे थॉमसन यांचेच विद्यार्थी. शिष्याने गुरूचे चित्र पुसले. पण रदरफोर्ड यांच्या चित्रातही खोट होती. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा होता, आणि तसे होत नाही. त्यांच्याकडे काम केलेल्या नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांची कल्पना मांडली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत पुंजयामिकी आली आणि त्या कक्षाही गेल्या. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. त्यानंतर अवघ्या २४ वर्षांनी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, आपल्याच मुंबईत तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. न्यूट्रॉनने युरेनियमचे केंद्रक फोडण्यावरच ती चालत होती.

पस्तीस वर्षांत अणूचे चित्र चार वेळा बदलले. आता सांगा, यांपैकी कोणते चित्र ग्रंथात आधीच होते? थॉमसन यांचे होते म्हणालात, तर १९११ मध्ये ग्रंथ चुकला म्हणायचे का? बोर यांचे होते म्हणालात, तर १९२६ मध्ये काय करायचे? जे बदलणारच आहे, त्याच्या खुंटीला श्रद्धा टांगली की खुंटी निघताना श्रद्धाही खाली येते.

महास्फोटाचेही असेच आहे, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. विश्व प्रसरण पावते हे दोघांनाही मान्य होते. मात्र ते एका क्षणी एका स्फोटातून सुरू झाले, हे त्यांना पटत नव्हते. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडला. बहुतेकांनी तो स्वीकारला नाही. तरीही २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा महास्फोट मानणाऱ्यांनीही त्यांना आदराने निरोप दिला. पुण्यात त्यांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या ‘आयुका’ या संस्थेत महास्फोट मानणारे शास्त्रज्ञ आनंदाने काम करत आले. विज्ञानात असा मतभेद चालतो. पण महास्फोट हा धर्माचा पुरावा ठरवला, की नारळीकरांसारखा माणूस धर्मद्रोही ठरतो. प्रश्न विचारणाऱ्याला आपण आपल्याच हाताने बाहेर काढतो.

ही चूक फक्त आपलीच नाही. विश्वाच्या आरंभाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीचा पुरावा पाहिला. लमेत्र यांना ते रुचले नाही. पाद्री असूनही, विज्ञानाचा सिद्धान्त धर्माच्या पाठराखणीला जुंपू नये, असेच त्यांचे मत होते.

अब्दुस सलाम यांचे उदाहरण आणखी जवळचे आहे. १९७९ चे नोबेल त्यांना शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासह मिळाले. सलाम श्रद्धावान, वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले आणि दोघे एकाच सिद्धान्ताला पोहोचले. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रकातले क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हा तो सिद्धान्त. त्याने भाकीत केलेले कण १९८३ मध्ये ‘सर्न’मध्ये सापडले. समीकरणाने कोणाचाही धर्म विचारला नाही.

कोणी म्हणेल, मग आपल्या वारशाचा अभिमान बाळगायचाच नाही का? जरूर बाळगावा, पण नेमका कशाचा ते पाहावे. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाचा अभ्यास प्रयोगांनी केला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्यांनी खोडले. टॉलेमीचा शब्द त्या काळी खगोलशास्त्रात प्रमाण होता. त्याच टॉलेमीवरच्या शंकांचे त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि पुस्तकाच्या नावातच ‘शुकूक’, म्हणजे शंका, हा शब्द घातला. श्रद्धावान मुसलमानाने शंकांचे पुस्तक लिहिले, हा आपला वारसा आहे. ‘आधीच सांगितले होते’ म्हणणाऱ्याला शंका सुचत नाही, कारण त्याला शोधायचे काही उरलेलेच नसते.

कुरआन आकाश आणि पृथ्वीकडे पाहून विचार करायला पुन्हा पुन्हा सांगते. विचार करा म्हणजे दुसऱ्याने केलेल्या शोधावर नंतर आपला शिक्का मारा, असा त्याचा अर्थ मी लावत नाही.

साकीनाक्याच्या गल्ल्यांतून पत्रा कापणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची मुले शाळेत जातात. त्यांच्या हातात अक्कल आहे, घरात अवजारे आहेत. जुनी सीडी ट्यूबलाइटसमोर आणि मग साध्या बल्बसमोर तिरकी धरली, तर दोन्हींतले रंग वेगळे दिसतात. एकीकडे सुटे पट्टे, दुसरीकडे सलग इंद्रधनुष्य. अशाच रेषा वाचून बोर यांचा अणू उभा राहिला आणि अशाच रेषा सरकलेल्या पाहून विश्व पसरते आहे हे कळले. हा प्रयोग कोणत्याही खोलीत, मदरशातही, फुकट होतो. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही आपल्यापासून लांब नाही.

म्हणून पुढच्या वेळी तो मजकूर आला की पुढे पाठवू नका. घरातल्या मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, अणूत केंद्रक असते म्हणतात, ते कशावरून? उत्तर आले नाही तर दोघे मिळून शोधा.