आवडीचा खुलासा मी का द्यावा?

मुसलमान माणसाला एखादे चित्र केवळ चित्र म्हणून आवडू शकते, ही गोष्ट आपल्याकडे अजून कुणी मनापासून मान्य केलेली नाही. बहुसंख्याकांनी नाही, आणि आपणही नाही. हुसेन आवडतात म्हटले की 'आपला माणूस म्हणून आवडत असणार' असे समोरचा मनात धरून बसतो. रझांचा बिंदू आवडतो म्हटले की पाठीवर शाबासकीची थाप पडते. जणू मी राष्ट्रनिष्ठेची परीक्षा पास झालो. आणि मी काहीच बोललो नाही तर तोच आपल्या सोयीने सांगून टाकतो, 'तुम्हाला सुलेखन आवडत असेल ना? उर्दू लिपी किती सुंदर!' लिपी सुंदर आहेच. पण मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला ती धड वाचताही येत नाही, हे त्याच्या गावीही नसते.

तेव्हा आधी माझी आवडनिवड सांगूनच टाकतो. मला हुसेनचे घोडे आवडत नाहीत. पुढच्या काळात ते इतके निघाले की हात सवयीने चालतो आहे आणि डोळा विश्रांती घेतो आहे, असे वाटत राहते. याउलट १९५६ सालचे त्यांचे 'बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प' हे चित्र मी छापील प्रतीवरून कितीदा पाहिले याची गणती नाही. उभ्या बायका, वर दिवा, एकीच्या हातातून धाग्याने लोंबणारा कोळी आणि कोणत्याही भाषेत वाचता न येणारी अक्षरे. त्या बायका एकमेकींशी काही बोलत असाव्यात, पण ते आपल्याला कधीच कळणार नाही. हे चित्र काढणारा माणूस मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरत होता, हे आठवले की छाती भरून येते. घोड्यांपुढे ती भरून येत नाही.

हे वाक्य आपल्या बैठकीत उच्चारले की काही चेहरे उतरतात. 'त्यांच्यावर एवढा प्रसंग गुदरला आणि तुम्ही त्यांच्याच चित्रात खोट काढता?' प्रसंग गुदरला हे कोण नाकारतो? पंढरपुरात जन्मलेल्या या माणसावर १९९६ पासून तक्रारी आणि खटले लादले गेले, १९९८ मध्ये त्याच्या मुंबईच्या घरात घुसून मोडतोड झाली, २००६ मध्ये त्याला देश सोडावा लागला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्यावरची अश्लीलतेची प्रकरणे रद्द केली, तरी तो परतू शकला नाही. २०१० मध्ये त्याने कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये तो वारला. या सगळ्याचा निषेध मी आजही करीन. पण त्या निषेधाची किंमत म्हणून मला घोडेही आवडलेच पाहिजेत काय? चित्र काढण्याचा हक्क आणि चित्राची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी त्याच्या घरावर हल्ला केला त्यांना हा फरक कळत नव्हता, हे समजू शकते. आपल्याला का कळू नये?

शिवाय आपण हुसेनच्या बाजूने नेहमीच उभे होतो, हाही एक गोड गैरसमज आहे. २००४ साली त्यांचा 'मीनाक्षी' हा चित्रपट आला. त्यातल्या एका गाण्यात कुराणातले शब्द वापरले म्हणून आक्षेप घेणारे आपलेच होते, आणि हुसेननी तो चित्रपट चित्रगृहांतून काढून घेतला. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी निषेधाची सभा घेतली? मला तरी एकही आठवत नाही.

रझांच्या बाबतीत उलटा खेळ चालतो. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, जंगलाच्या कुशीत वाढलेला हा मुलगा. वर्गात लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांनी त्याला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत बसायला लावले, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पुढे त्यातून बिंदू आला, आणि लोकांनी त्या बिंदूचे प्रमाणपत्र केले : पाहा, असा असावा मुसलमान. मला स्वतःला त्यांचे उत्तरकाळातले नीटनेटके बिंदू फारसे धरून ठेवत नाहीत. १९८३ चे 'सौराष्ट्र' धरून ठेवते. तो तांबडा आणि केशरी रंग नुसता पेटलेला आहे. त्यात कोणाला तत्त्वज्ञान दिसत असेल तर दिसो, मला ऊन दिसते.

आता नसरीन मोहमदी. कराचीत १९३७ साली जन्म, बालपण मुंबईत, शिक्षण लंडनला, नंतर पॅरिस, आणि १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. कागदावर पेन्सिल आणि शाईने ओढलेल्या रेषा, बस्स. माणूस नाही, झाड नाही, रंगही बहुतेक नाही. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही, तारीख नाही. स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत जाणाऱ्या आजाराने तिला गाठले होते, आणि त्याच काळात रेषा अधिकाधिक काटेकोर होत गेल्या. १९९० मध्ये ती गेली. ही चित्रे पाहताना मला पहाटेच्या मागाची आठवण येते. ताणा लावलेला आहे आणि बाणा अजून फिरायचा आहे. तिने मागावरच्या धाग्यांची छायाचित्रे काढली होती हे मला फार नंतर कळले. पण काही जाणकार तिच्या रेषांपुढे उभे राहिले की लगेच 'इस्लामी भूमिती' म्हणतात. फतेहपूर सिक्रीची छायाचित्रेही तिने काढली होती, तेवढे त्यांना पुरते. क्ले आणि मालेविच तिने पाहिले होते, समुद्र आणि रस्ते पाहिले होते, ते मग कुणी विचारत नाही. तिच्या जागी एखादी देशपांडे असती तर तिच्या रेषांत कुणी वेदी शोधली असती काय? निदान आधी रेषा तरी पाहिल्या असत्या.

तैयब मेहतांचेही तेच. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका तरुणाला ठार मारताना पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांच्या चित्रांत माणसे कोसळत राहिली, बांधलेला बैल तडफडत राहिला. त्यांनी महिषासुरही रंगवला, आणि त्यांचा एक महिषासुर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. लगेच दोन्हीकडून हिशेब सुरू झाले. मुसलमानाने महिषासुर का काढला? अरे, आधी ती म्हैस आणि ती देवी एकमेकांत कशी गुंतली आहे, कोणाचा हात कुठे संपतो, ते तर पाहा!

आपल्यातले काही जण आणखी एक मुद्दा काढतात. सजीवांची चित्रे आपल्या परंपरेतच नाहीत, म्हणून आपली अभिरुची वेलबुट्टी आणि अक्षरे यांपुरतीच असावी. त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेल्या 'तारीफ-ए-हुसेनशाही' या पोथीची माहिती करून घ्यावी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीने ती फारसीत रचली. काळ तालिकोटच्या लढाईचा, म्हणजे १५६५ च्या आसपासचा. तिच्यात चित्रे आहेत, माणसांची चित्रे आहेत, आणि एका चित्रात तरुणीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत, फारसी पोथीत, नगरच्या मुसलमान दरबारात! पोथीतल्या अनेक चित्रांतून राणी खुंजा हुमायूनची आकृती मात्र नंतर पुसली गेली. ही चांदबिबीची आई. मुलाने तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकले, त्याच राजकारणात तिची चित्रे पुसली गेली असावीत असे अभ्यासक मानतात. म्हणजे पुसणाऱ्याला त्रास चित्राचा नव्हता, बाईचा होता.

आणि परंपरा कशाला, उरुसात चला. दर्ग्याबाहेरच्या फळीवर बुराकची चित्रे विकायला असतात. अंग घोड्याचे, पंख मोराच्या रंगांचे, चेहरा नटवलेल्या बाईचा. गोरगरीब आयाबहिणी ते घेतात आणि घरात लावतात. मौलवी म्हणतो हराम, आणि आमचा शिकलेला तरुण म्हणतो बटबटीत. या एकाच बाबतीत दोघांचे जमते. मला त्यातली गुलाबी आणि हिरव्याची बेदरकार जोडी आवडते, आणि त्याबद्दल मी कुणाची परवानगी मागणार नाही.

हा वाद मोठ्यांपुरता असता तर मी एवढा शाईचा खर्च केला नसता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी आपली मुले पाहा. घरी सांगतात, माणूस काढू नकोस. शाळेत गुरुजी प्रेमाने सांगतात, तू ईदचा देखावा काढ, तुला छान जमेल. त्या पोराला कदाचित एसटी स्टँड काढायचा असेल, किंवा शेजारच्या घरातला गणपती, किंवा नुसती उसाच्या ट्रॅक्टरची चाके. हे त्याला विचारायचे राहूनच जाते. दहाव्या वर्षी त्याच्या हातात आपण त्याची आवड ठरवून देतो आणि विसाव्या वर्षी तक्रार करतो की आपल्यात चित्रकार निघत नाहीत.

या लेखावर उत्तर लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती. हुसेनचे घोडे तुम्हाला आवडत असतील तर जरूर लिहा, पण घोड्यांविषयी लिहा. त्यांच्या माना, त्यांचे खूर, त्यांच्या नाकपुड्या. मी वाचीन, आणि पुन्हा एकदा पाहीनही.