फ्रेम नंबर ३१३

एका माणसाच्या डोक्यात गोळी कधी लागली? अमेरिकेनं याचं उत्तर तासा-मिनिटात नाही, फ्रेमच्या नंबरात दिलंय. तीनशे तेरा.

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलस. बायकांच्या कपड्यांचा धंदा करणारा अब्राहम झाप्रूडर आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन केनेडीची मिरवणूक बघायला उभा राहिला. त्यानं टिपलं ते जेमतेम साडेसव्वीस सेकंदांचं. ४८६ फ्रेम. आवाज नाही. तपासवाल्यांनी पुढं कॅमेऱ्याचा वेग मोजला, सेकंदाला १८.३ फ्रेम. झालं! कॅमेऱ्याचंच घड्याळ झालं. गोदीत पोत्यावर पोतं मोजतात तशा त्यांनी फ्रेम मोजल्या.

गोळी काही फ्रेममध्ये दिसत नाही. एका फ्रेमच्या वेळात ती शंभर फूट जाते. दिसतं ते फक्त तिनं काय केलं ते. ३१३ मध्ये डोकं फुटतं. खिडकीपासून ते अंतर २६५ फूट, म्हणजे बार निघाला तो दोनेक फ्रेम आधी.

खरी गोम पुढंच आहे. त्या रायफलीतून लागोपाठ दोन बार काढायला निदान २.३ सेकंद लागतात, म्हणजे ४२ फ्रेम. वॉरन आयोगाच्या हिशेबानं केनेडीला पहिली गोळी २१० च्या आधी लागलेली नसावी. पुढं बसलेल्या गव्हर्नर कॉनलीला २४० च्या नंतर लागलेली नसावी. मधे फक्त तीस फ्रेम. तेव्हा एकतर बंदुका दोन, नाहीतर एकच गोळी दोघांच्या अंगातून गेली. आयोगानं दुसरी वाट धरली. भांडण अजून मिटलेलं नाही. आणि नेमकं त्याच वेळी गाडी रस्त्यावरच्या पाटीमागं झाकलेली! फ्रेम वेळ सांगते. बंदूक कुणाच्या हातात होती ते सांगत नाही.

आणि फ्रेम कुणाच्या हातात हेही बघा. 'लाइफ' मासिकानं फिल्म विकत घेतली. देशभरच्या टीव्हीवर ती फिरती दिसली ६ मार्च १९७५ ला. आयोगाच्या छापील खंडात ३१४ आणि ३१५ उलटसुलट छापल्या गेल्या. छपाईची चूक, असं सांगितलं. असेलही. पण मेलेलं डोकं पुढं गेलं की मागं, याच्यावरच सगळा वाद असताना दोन फ्रेम उलट्या झाल्या तर माणूस उलट्या बाजूला मरतो, दोस्तहो!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या अध्यक्षाचं आपल्याला काय? सांगतो. ११ जुलै १९९७. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलीस म्हणाले. म्हणजे इथंही सवाल वेळेचाच: आधी काय, नंतर काय? आग आधी की बार आधी? गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता म्हटलं. हुकूम देणाऱ्या फौजदाराला कोर्टानं जन्मठेप सुनावली ती २००९ साली. बारा वर्षं! तिकडं एका डोक्यासाठी सेकंदाचे अठरा तुकडे, इकडं दहा मढ्यांसाठी बारा वर्षं.

आता कॅमेरा खिशाखिशात आहे. म्हणून सांगतो. मोर्चात जे टिपाल त्यातला तुकडा कापून फिरवू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं ठेवा. मूळ प्रत जपा, तिची नक्कल दोन-तीन जागी ठेवा. कुठं उभं राहून टिपलं, किती वाजता, लिहून ठेवा. कापलेला तुकडा तेही दाखवतील, त्यांचा तुकडा मोठा असेल.

मोजायला शिका. आपले मेलेले आपणच मोजायचे आहेत, फ्रेमवर फ्रेम. कोर्टात उभं राहून नंबर सांगता आला पाहिजे.

जय भीम.