सतरा वर्षांचा मालक

देवळ्याहून आमच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, "कोल्हापूरचे जळालेले नाट्यगृह ज्यांच्या नावाचे, ते केशवराव भोसले एवढे मोठे गायक होते, तर आमच्या मुलांना बालगंधर्वच तेवढे ठाऊक, असे का?"

प्रश्न रास्त आहे. नाट्यगृहाला आग लागली ती ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. लहानपणीच वडील गेले, घरात दारिद्र्य. पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले, आणि देवलांच्या शारदेच्या भूमिकेत असे गायिले की नाव गावोगाव झाले.

पण खरी मर्दुमकी पुढेच आहे. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. वय वर्षे सतरा! नाटक मंडळी म्हणजे काही गाण्याची बैठक नव्हे. नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेट्या आणि देणेकरी, असे ते फिरते बिऱ्हाड. ते सांभाळून रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम घ्यायची आणि रात्री वरच्या पट्टीत तो तडफदार गळा फिरवायचा. लोक पदांसाठी गर्दी करीत. तरीही त्यांनी मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणले. हुंड्यावरचे नाटक, तेही तिकिटे काढून आलेल्या वरपित्यांसमोर! हे धाडस आम्हांला त्यांच्या तानांइतकेच मोलाचे वाटते.

लोकांना मात्र आठवते ती एकच रात्र. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. एकीकडे लडिवाळ गोडवा, दुसरीकडे धारदार जोम. सरशी कोणाची झाली, यावर रसिकांनी पुढे वर्षानुवर्षे वाद घातला. वाद मिटायला दुसऱ्या कितीतरी रात्री हव्या होत्या. त्या लाभल्या नाहीत. ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

त्याच वर्षी, २ ऑगस्टला, इटलीचा जगप्रसिद्ध गायक कारुसो नेपल्स येथे वारला. त्याचे वय अठ्ठेचाळीस, आणि मागे दोनशेंहून अधिक ध्वनिमुद्रणे. त्यामुळे तो आजही घरोघर गातो. बालगंधर्व तर १९६७ पर्यंत होते, आणि त्यांच्या तबकड्यांनी मराठी दिवाणखाने भरले. बाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक एवढेच आहे. कीर्तीला गळ्याबरोबर आयुष्यही लागते.

मंडळी मात्र मालकाबरोबर संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती १९३७ पर्यंत, म्हणजे मरेतो, चालविली. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली. आणि गंमत पाहा, याच भालचंद्ररावांनी पुढे कित्येक मराठी नाटके ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवली.