गाळ निघाला, शेत भरले. पण डंपरच्या मागे कोण उभे आहे?

उन्हाळा तापला की तलाव उघडे पडतात आणि पोकलेन, जेसीबी, डंपर यांची घरघर सुरू होते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात मांजरा नदीचे खोलीकरण लोकांनी वर्गणी करून हाती घेतले. पुढे २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि २०२३ मध्ये ती नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाली. तलावाची साठवण वाढते आणि हलक्या रानात काळा गाळ पडतो, म्हणून योजनेबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण तलावाच्या तळाशी जिथे दिवसभर डंपर धावतात, तिथे सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हे बहुतेक गावांत ठरलेलेच नसते. ठेकेदार म्हणतो गावाचे काम आहे, गाव म्हणते ठेकेदाराचे आहे, आणि शेतकऱ्याला आपल्या खेपा मोजण्यापलीकडे काही सुचत नाही.

या घाईचे मूळ पैशाच्या हिशोबात आहे. २०२३ च्या निर्णयात अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, अनुदान ठेवले गेले. एकराला ४०० घनमीटर गाळ धरलेला आहे. ब्रासच्या मापात हा साधारण १४१ ब्रास होतो, म्हणजे दोन ब्रासच्या खेपेने एका एकराला सत्तर खेपा. पहिला पाऊस यायच्या आत हे सगळे उरकायचे, आणि ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे. मग सत्तरच्या पन्नास खेपा कशा होतील हेच तो बघणार. हौदा शिगोशीग भरायचा नि गाडी पळवायची.

शिगोशीग भरणे म्हणजे काय, ते जरा आकड्यांत बघू. ओला गाळ घनमीटरला साधारण १.७ टन भरतो, म्हणजे एक ब्रास पावणेपाच टनांच्या आसपास. सहा चाकी टिपरचे भारासह कमाल वजन आधी १६.२ टन होते, २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते १८.५ टन केले. रिकामी गाडीच साडेसहा-सात टनांची. म्हणजे अडीच ब्रासच्या आतच थांबायला पाहिजे. तीन ब्रास भरले की गाडी एकवीस टनांवर जाते. दहा चाकी हायवाची मर्यादा २८.५ टन आहे, त्यातही चार ब्रास ओला गाळ बसत नाही. तलावाच्या उतारावरून वर चढताना आणि बांधावरच्या कच्च्या रस्त्याने जाताना हा जादा भार ब्रेकवर, पाट्यांवर आणि टायरवर येतो. वाटेतल्या कठडा नसलेल्या विहिरीजवळून अशी गाडी नेणे म्हणजे तर जाणूनबुजून संकट ओढवणे. विहिरीची कड वरून घट्ट दिसते, पण आतून पोकळ असू शकते.

डंपर उलटतो तो बहुधा रस्त्यावर नाही, शेतात गाळ टाकताना. हौदा वर गेला की गाडीचा तोल वर सरकतो. नांगरट केलेल्या रानात एक चाक ढेकळात आणि एक सरीत असले, किंवा एका बाजूचा गाळ हौद्याला चिकटून राहिला, तर गाडी आडवी होते. चिकटलेला गाळ सुटावा म्हणून ड्रायव्हर हौदा वर ठेवूनच पुढे-मागे झटके देतात, ही सर्वांत वाईट सवय. जागा सपाट बघावी, गाळ सुटेना तर हौदा खाली घेऊन लांब दांड्याच्या फावड्याने सोडवावा. शेतकऱ्याने एवढे करावे की गाळ टाकायचा पट्टा आदल्या दिवशी फळीने सपाट करून ठेवावा आणि हौदा वर असताना गाडीच्या बाजूला कुणालाही उभे राहू देऊ नये. गाडी कलली तर ड्रायव्हरने बाहेर उडी मारू नये. तो त्याच बाजूला पडतो आणि गाडी त्याच्यावर येते. पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून केबिनमध्येच राहणे बरे.

विजेच्या तारांचा धोका मात्र कुणाच्याच डोक्यात नसतो. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारांची उंची १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत किमान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट धरली होती. त्या काळात ओढलेल्या, आता झोळ पडलेल्या तारा आपल्या शिवारात ठिकठिकाणी आहेत. हौदा उचलला की तो सहज तेवढ्या उंचीवर जातो. तार लागलीच तर ड्रायव्हरने आत बसून राहावे, कुणीही गाडीला हात लावू नये, सगळ्यांनी लांब व्हावे आणि महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्यावी. गाडीने पेट घेतला तरच बाहेर पडावे, तेही गाडी आणि जमीन एकाच वेळी न धरता, दोन्ही पाय जुळवून उडी मारून, आणि पाय न उचलता सरकत दूर जावे. तारेखाली खेप टाकायचीच नाही, हे काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीने शेतकऱ्यांना सांगून ठेवले पाहिजे.

देखभालीचे म्हणाल तर साइटवर गॅरेज नसते, पण सकाळची पंधरा मिनिटे असतात. एअर टाकीतले पाणी काढणे, ब्रेक दाबून बघणे, टायर, फाळक्याच्या पिना आणि कड्या, जॅकच्या नळीला तेल गळते का, मागचा भोंगा वाजतो का. हौदा वर करून ग्रीस मारताना नुसत्या जॅकवर विसंबणारे मेकॅनिक अजून दिसतात. नळी फुटली की काही टनांचा हौदा डोळ्याचे पाते लवेपर्यंत खाली येतो. लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली डोके घालायचे नाही. आणि खेप टाकून झाल्यावर हौदा पूर्ण बसला, पीटीओ सुटला, हे बघूनच गाडी हलवायची.

मागे घेताना माणूस सापडणे हे तर नेहमीचेच. दुपारी उन्हात मजूर, कधी त्यांची लेकरे, डंपरच्या सावलीला आडवी होतात. ड्रायव्हरला आरशात ती दिसत नाहीत. साइटवर एक मांडव घालून पाण्याचा माठ ठेवला तर हा प्रश्न निम्मा सुटतो, खर्च काहीच नाही. शिट्टी आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन एक माणूस ठेवावा, त्याचा इशारा असल्याशिवाय गाडी मागे जाणार नाही. खड्ड्याच्या काठाजवळ चाकाच्या निम्म्या उंचीचा मातीचा बांध घालावा, खाणींत घालतात तसा.

सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) पहिल्या दिवशीच ड्रायव्हरचा परवाना, गाडीचा विमा आणि फिटनेस बघून नोंद ठेवावी. लोक गाळावर बसून शेतापर्यंत जातात. मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्याच्या भरपाईचा बोजा विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले आहे. मजुरीवर लावलेल्या माणसाला कामावर इजा झाली तर कायद्याने जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची. तेव्हा झेंडीवाला कुणाच्या मजुरीवर आहे, ठेकेदाराच्या की गावाच्या, हे कराराच्या कागदावर लिहून घेतलेले असावे. वळवाचा पाऊस झाला की तळ दोन दिवस तरी बंद ठेवावा. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, पण खाली काळी माती लोण्यासारखी असते.