वाफसा ओळखा, मगच ट्रॅक्टर घाला



छोटा ट्रॅक्टर आता गावोगावी आला आहे. बैलजोडीचे दिवसभराचे काम तो काही तासांत उरकतो. पण काम लवकर उरकले म्हणजे ते चांगले झाले, असे समजू नका.

मी शेतीचा पदवीधर. इतकी वर्षे गावोगावच्या सभांतून वाफशाचे महत्त्व सांगत आलो, आणि माझ्याच वीस गुंठ्यांत फसलो. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला होता. सौ.ने वाढवलेली वांग्याची रोपे लावणीला आली होती. भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा. ‘आज नाही, तर आठ दिवस जमणार नाही,’ असे मालक म्हणाला. मी ओल्या काळ्या रानातच रोटाव्हेटर फिरवू दिला. वरून रान रव्यासारखे भुसभुशीत दिसले. पुढे उघडीप पडली आणि ढेकळे विटेसारखी वाळली. पुन्हा पाऊस आला, तेव्हा पाणी मुरेना. झाडे पिवळी पडली. उपटून पाहिली, तर मुळे चार इंचांवर आडवी वळलेली! सौ. एवढेच म्हणाली, ‘लोकांना सांगता ते घरी का नाही केलेत?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून क्रम सांगतो.

रब्बीचे पीक निघताच, थोडी ओल शिल्लक असताना सात-आठ इंच खोल नांगरट करा. काळे रान एकदा कडक वाळले की छोट्या ट्रॅक्टरला ते ओढवत नाही. तेव्हा नांगरटीपुरता मोठा ट्रॅक्टर सांगावा. नांगरलेले रान उन्हात चांगले तापू द्या. हराळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गाठी वेचून बांधाबाहेर काढा. त्यांच्यावर रोटाव्हेटर फिरवाल, तर एका काशीचे दहा तुकडे होतील आणि सगळ्या रानात उगवतील.

वळवाचा पाऊस झाल्यावर वाफसा पाहा. चार-पाच इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून माती मोकळी झाली, तर वाफसा आहे. तो तसाच राहिला किंवा चपटा झाला, तर ट्रॅक्टर परत पाठवा.

वाफशावर कुळवाची पाळी द्या. शेवटच्या पाळीपूर्वी वीस गुंठ्यांना चार-पाच टन चांगले कुजलेले शेणखत पसरा. रोटाव्हेटर लागलाच, तर एकदाच फिरवा. दरवर्षी त्याच खोलीवर फिरवल्याने खाली कडक थर बसतो. एक फूट खोल खड्डा घेऊन तो थर आहे का, ते तपासा. असल्यास पुढची नांगरट त्याच्याखाली जाईल, अशी करा.

मग उताराला आडव्या सऱ्या पाडा. सऱ्यांचे अंतर चाकांच्या अंतराशी जुळवून घ्या. पुढच्या कामांत चाक सरीतूनच चालले पाहिजे, वरंब्यावर चढता कामा नये.

ट्रॅक्टर दोन दिवस उशिरा आला, तर लावणी दोन दिवस पुढे जाईल. ओल्या रानात घातला, तर सगळा हंगाम हातचा जाईल. म्हणून ट्रॅक्टर ठरवतानाच मालकाला सांगून ठेवा : ‘दिवस वाफसा ठरवील.’