रंगाआधी कागद, सोफ्याआधी पाणी

जुनी सदनिका विकायला काढली की ती सजवून दाखवावी, हा सल्ला आता बंगळुरूतही सर्रास मिळतो. भिंतींना फिकट रंग द्या, अडगळ हलवा, दिवाणखान्यात भाड्याचा सोफा आणा आणि मग छायाचित्रकाराला बोलवा. फर्लेंको, रेंटोमोजो या भाड्याने फर्निचर देणाऱ्या कंपन्या या शहरात बस्तान बसवून आहेत, त्यामुळे काही महिन्यांपुरते घर नटवणे इथे अवघड नाही. बाजार मंदावला, घर पाहायला कोणी फिरकेनासे झाले, की विकणाऱ्याला हा उपाय मोठा आशेचा वाटतो. पण मंदीतच खर्चाचा हा क्रम उलटा करायला हवा. पहिला रुपया कागदपत्रे, पाणी आणि गळती यांवर पडावा. सजावटीची पाळी त्यानंतर.

सजावटीमुळे भाव वाढतो याचा पुरावा समजतो तितका भक्कम नाही. अमेरिकेतल्या ज्या पाहण्यांचे दाखले दिले जातात, त्यांत मुख्यतः एजंटांची मते असतात. मार्क लेन, मायकेल सायलर आणि विकी सायलर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळी पद्धत होती. एकच घर, भिंतींचा रंग आणि फर्निचर बदलून, आठशेहून अधिक ग्राहकांना संगणकावर फिरवून दाखवले गेले. सजवलेले घर राहायला छान वाटते, हे लोकांनी मान्य केले. मात्र त्यासाठी ते देऊ करत असलेल्या किमतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एका परदेशी अभ्यासावर सगळा भार टाकू नये, हे खरे. तरीही आवडणे आणि जास्त पैसे मोजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून कळते.

बंगळुरूत तर सौदा अडतो तो भलत्याच जागी. ऑक्टोबर २०२४ पासून महापालिका हद्दीतल्या मालमत्तेच्या नोंदणीला ई-खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची डिजिटल नोंद, लागतो. ज्या घराला बी-खाता, म्हणजे नियमांत पूर्ण न बसणाऱ्या मालमत्तेची नोंद, आहे त्यावर कर्ज देताना अनेक बँका हात आखडता घेतात. शहरातल्या असंख्य इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात तर असे बजावले, की इमारत तारण ठेवून कर्ज देण्याआधी बँकांनी हे प्रमाणपत्र तपासावे. म्हणजे ग्राहक घरावर कितीही लुब्ध झाला, तरी बँकेचा वकील फक्त फाइल पाहणार आहे. टोकन घेऊन झाल्यावर तिथे व्यवहार फिसकटला, तर विकणाऱ्याचे दोन-तीन महिने जातात आणि ‘या फ्लॅटमध्ये काहीतरी गडबड आहे’ ही कुजबुज एजंटांमध्ये सुरू होते. पाण्याचेही तसेच. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या जवळपास निम्म्या सरकारी बोअरवेल कोरड्या पडल्या आणि खासगी टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला खरा, पण व्हाइटफील्ड किंवा सर्जापूर रस्त्याकडे घर पाहणारा माणूस कावेरीचे पाणी येते की टँकर, हे आधी विचारतो. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये बेल्लंदूर, येमलूरच्या वसाहतींत शिरलेले पुराचे पाणीही लोक विसरलेले नाहीत.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. ग्राहक आधी फोटो पाहतो. फोटो आवडला नाही तर तो येणारच नाही, मग फाइल दाखवायची कुणाला? म्हणूनच स्वच्छ, मोकळे, उजेडाचे घर दाखवू नये असे कोणी म्हणणार नाही. सजावट ग्राहकाला दारापर्यंत आणते, आणि तेवढ्यासाठी ती जरूर करावी. माझा विरोध ओलीवर पुट्टी मारण्याला, गळक्या भिंतीपुढे कपाट सरकवण्याला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते, की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने सापडणार नाही, तो विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार नमुना सदनिका पाहून पैसे भरलेला ग्राहक फसवला गेला, तर बिल्डरकडून भरपाई मागू शकतो. बिल्डरच्या नमुना सदनिकेला जी जबाबदारी लागते, तिच्यातून सजवलेल्या जुन्या घराने नैतिकदृष्ट्या तरी का सुटावे?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ओसी नसणे ही बिल्डरची चूक, तिची किंमत मध्यमवर्गीय विकणाऱ्याने का मोजावी? नोकरीसाठी बंगळुरूला जाऊन कर्ज काढून घर घेतलेली आणि आता पुण्याकडे परतू पाहणारी मराठी कुटुंबेही या अन्यायात सापडू शकतात, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून सहानुभूती वाटते. पण दोष दडवला तर तोच अन्याय पुढच्या कुटुंबाच्या गळ्यात पडतो. त्यापेक्षा तो सांगून भाव ठरवावा आणि रहिवासी संघाने ओसीसाठी एकत्र पाठपुरावा करावा. संघांनी आणखी एक करता येण्याजोगे काम अंगावर घ्यावे. इमारतीची मंजुरी, पाण्याचे स्रोत, गेल्या दोन उन्हाळ्यांचा टँकरखर्च आणि झालेल्या दुरुस्त्या यांचे एक पान सहीशिक्क्यासह तयार ठेवावे, आणि सदनिका पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते पहिल्याच भेटीत द्यावे.